रंगच असतो की

मारुतीचा मला हेवा वाटायचा, हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मित्रांजवळ नाही. ‘वाटायचा’ असं लिहिलं खरं, पण तेही सोयीनं. अजून वाटतो. ‘तुमच्या कारखान्यातल्या गमतीजमती लिहा’ म्हणून या अंकाच्या संपादकांचा फोन आला, तेव्हा मनात पहिलं हेच आलं की मारुतीला सांगितलं असतं तर त्यानं झकास लिहिलं असतं. पन्नाशी उलटली, तरी माझं हे असं आहे.

आमचा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. आजूबाजूला सगळे टॉवेल-चादरींचे माग, त्यांच्या खडखडाटात आम्हीच काय ते वेगळे. आम्ही प्लास्टिकचे दाणे करतो. म्हणजे एका जातीचं प्लास्टिक दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकमध्ये मिसळतो. लांब नळकांड्यात दोन स्क्रू एकमेकांत गुंतून फिरत असतात. माल आत वितळतो, मळला जातो, टोकाला शेवयांसारखा बाहेर पडतो, पाण्यात गार होतो आणि त्याचे दाणे कापले जातात. त्या दाण्यांपासून पुढं बहुतेक वस्तू दुसरे लोक करतात, थोड्या आम्ही.

ऐकायला सोपं वाटतं. एकदा एक भंगारवाले टेम्पो घेऊन आले. त्यात दुधाच्या पिशव्या, बॅटरीची खोकी, खुर्च्यांचे पाय, सगळं एकत्र. म्हणाले, “सगळं पिलास्टिकच हाय की. घाला एका भट्टीत न् द्या एकजीव करून.” मी त्यांना अर्धा तास समजावलं. शेवटी ते म्हणाले, “तुमची मशीन बारकी हाय म्हणून सांगताय न्हवं?” आणि टेम्पो घेऊन निघून गेले.

मशीन बारकी नव्हती. प्लास्टिकं एकमेकांत मिसळत नाहीत, हीच तर खरी गोष्ट. कितीही मळा, वरून एकजीव दिसतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की एकाच्या पोटात दुसऱ्याचे थेंब. कोण समुद्र होणार आणि कोण थेंब, थेंब किती बारीक राहणार, तो गोल राहणार की ताणला जाणार, यावर वस्तूचा कस ठरतो. माल तोच, प्रमाण तेच, पण थेंब मोठे राहिले तर वस्तू हातात तुटते. आमचा सगळा धंदा म्हणजे हे न दिसणारे थेंब आवरणं.

मारुती आमच्याकडे आला तेव्हा मी या थेंबांशीच झगडत होतो. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे आमच्या बोलण्यातलं पीपी, आणि नायलॉन यांचं मिश्रण करायचं होतं. पीपी स्वस्त, हलकं, पाणी न पिणारं. नायलॉन चिवट, घासलं तरी न झिजणारं, पण महाग आणि दमट हवेत फुगणारं. पीपीच्या समुद्रात नायलॉनचे बारीक थेंब बसले की दोघांचं चांगलं तेवढं मिळतं. माझे थेंब बारीक होत नव्हते. मी स्क्रूचा वेग वाढवत होतो, आणखी वाढवत होतो, आणि माल करपत होता.

मारुती माळशिरसकडचा. घरी मेंढरं. वसतिगृहात राहून पॉलिमरमध्ये एम.एस्सी. झालेला, म्हणजे शिक्षणानं माझ्या बरोबरीचा. पण माझ्यात जे काही नीटनेटकं होतं त्याच्या बरोबर उलट. शर्टाची बटणं वरखाली, टेबलावर चहाचे डाग, बोलणं मोठ्यानं, आणि स्वतःची तारीफ करायला कधी लाजायचा नाही. मला पहिल्याच आठवड्यात त्यानं ‘पंत’ करून टाकलं. बाहेर पडणाऱ्या त्या शेवया बोटांनी ओढून बघितल्या, बोट भाजून घेतलं, आणि हात झटकत म्हणाला, “पंत, तुमचं पीपी लई पातळ हाय ओ. नायलॉन घट्ट, न् पीपी पाण्यागत. थेंब तुटायचा कसा? पीपी नुसतं बगलंनं निसटतंय. जरा दांडगं पीपी आणा, त्याच्या अंगात थेंब फोडायचा जोर पायजे.”

घट्ट जातीचं पीपी आणलं. थेंब बारीक झाले. मालकांनी पेढे वाटले, आणि मारुती पेढा तोंडात टाकत म्हणाला, “म्या असलो की हुतंयच.”

मला जे लागलं ते असं की हे मला माहीत होतं. दोन्हींचा घट्टपणा जवळपास जुळला पाहिजे, हे वाक्य मी शिकत असताना पुस्तकात पेन्सिलीनं अधोरेखित केलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. त्याला ते बोट भाजून आठवलं, मला पुस्तक उघडूनही आठवलं नव्हतं.

एका रविवारी तो आमच्या घरी जेवायला आला. शहरातल्या सात रस्ता चौकाजवळ आमचं घर. वडील शाळामास्तर, निवृत्त झालेले. मी काय काम करतो हे त्यांना मी कितीदा सांगितलं असेल, पण ऐकता ऐकता त्यांचे डोळे मिटायचे. त्या दिवशी त्यांनी मारुतीला विचारलं, “तुम्ही दोघं तिथं नक्की करता काय हो?”

“सोपं हाय गुरुजी,” मारुती म्हणाला. “आमच्याकडं दोगा भावांची मेंढरं एकाच रानात सोडत्यात. कुत्रं फिरतंय तंवर पार मिसळल्यागत दिसत्यात. कुत्रं जरा सावलीला टेकलं की ह्याची ह्याच्याकडं, त्याची त्याच्याकडं. परत दोन कळप. आमचा स्क्रू म्हंजे ते कुत्रं.”

“मग कुत्रं सारखं पळवत ठेवायचं?”

“किती पळवणार? दमतंय की. त्यापरीस कळपाच्या कडंला माणसं हुबी करायची. एक हात ह्या मेंढराच्या लोकरीत, एक हात त्या मेंढराच्या. मग कुत्रं झोपलं तरी कळप गोळा हुईत न्हाय. त्या माणसासाठी आमी एक रसायन घालतो.”

वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “अरे, म्हणजे तू मेंढपाळ आहेस तर! एवढी वर्षं एवढं साधं सांगता आलं नाही तुला?”

मी भात कालवत राहिलो. वडील गेले तोवर त्यांच्या तोंडी ‘तो मारुती काय म्हणतो रे?’ हेच होतं. आणि आज तुम्हाला हे समजावताना मलाही त्याचाच दृष्टांत उसना घ्यावा लागतोय. दुसरा सुचत नाही. सुचला तरी तो एवढा चांगला नसेल.

आता कांडीकडे येतो. धोट्याच्या मागावर आडवा धागा ज्या बोटभर जाडीच्या दांडीवर गुंडाळलेला असतो ती कांडी. ती धोट्यात, म्हणजे मागावर ये-जा करणाऱ्या होडीसारख्या लाकडी ठोकळ्यात, बसते आणि दिवसभर इकडून तिकडं आपटत राहते. पूर्वी लाकडाच्या असायच्या, मग प्लास्टिकच्या आल्या. नुसत्या पीपीच्या बुडाशी चिरायच्या. आमच्या मिश्रणाच्या कांड्या मारुतीनं करून दाखवल्या, तेव्हा त्यानं त्या फरशीवर आपटल्या, दुचाकीखाली घातल्या. तुटल्या नाहीत.

अंबादासशेठ म्हणून एक मागवाले होते. तेलुगू घरचे, मराठी बोलायचे ते स्वतःच्या चालीत. ते म्हणाले, “कांडी चांगली आहे ओ. पण पांढरी नको. मला जांभळी पाहिजे. जांभळी कुणाकडं नाही.”

बाहेरच्या वाचकांना याचं कारण सांगायला हवं. कांड्या भरण्याचं काम बायका घरी करतात, आणि एकच बाई दोन-तीन कारखान्यांचं काम घेते. कांड्या पिशव्यांतून घरोघर फिरतात, आणि परत येताना भलत्याच कारखान्यात जाऊन बसतात. म्हणून ज्याच्या त्याच्या कांडीचा रंग वेगळा. रंगावरून भांडता येतं. अंबादासशेठनी जांभळ्या घेतल्या असत्या तर त्यांचं बघून बाकीचे हिरव्या, लाल, निळ्या घेणार होते. मालकांनी सगळी आशा त्या जांभळ्या कांडीवर ठेवली होती. ती जमली की मारुतीला तांत्रिक विभागाचा प्रमुख करायचं, हेही ठरल्यासारखं होतं. ती जागा माझी व्हायची, असं मी धरून चाललो होतो.

माल केला, कांड्या झाल्या, शेठकडे गेल्या. थोड्याच दिवसांत शेठ पोतं घेऊन आले आणि आमच्या टेबलावर ओतलं.

“हे कांडी आहे का कांदा आहे, सांगा. नखानं सोलतंय की!” त्यांनी खरंच एक कांडी नखानं सोलून दाखवली. जांभळा पापुद्रा निघाला. “धागा अडकतोय ह्याच्यात. बायका मला म्हणतात, मामा, साल पुष्कळ निघालंय, भाजी करू का? काय तोंड दाखवू मी?”

मालक माझ्याकडे बघत होते. मारुती मध्ये आला. “शेठ, मिश्रण माजं हाय. चूक माजी. पंतांना काय बोलू नका.”

त्याचाही मला रागच आला. चुकायचं तरी किती ऐटीत.

पापुद्रे सुटतात याचा अर्थ आमच्या धंद्यात एकच. कडेला उभी केलेली माणसं हात सोडून बसली, कळप परत गोळा झाले. मारुतीनं कांडीची चकती कापून फॉर्मिक ॲसिडमध्ये बुडवली. त्यात नायलॉन विरघळतं, पीपी तसंच राहतं, आणि जिथं थेंब होता तिथं भोक दिसतं. पांढऱ्या कांडीची भोकं रव्यासारखी, जांभळीची साबुदाण्यासारखी. ॲसिडच्या वासानं डोळे चुरचुरत होते, तरी तो सूक्ष्मदर्शकावरून उठेना. मग त्यानं हिरवा रंग घेऊन बघितला, लाल घेतला, निळा घेतला. रंग घातला की साबुदाणा, रंग काढला की रवा.

ज्या ड्रममध्ये दाण्यांना रंग चोळला जातो, तिथं सिद्रामप्पा असायचा, अक्कलकोटकडचा कानडी माणूस. मारुतीनं त्याला विचारलं, “काय काय घालताय?” तो म्हणाला, “रंग, तेल. बेरे एनू इल्ला साहेब. बाकी काय नाही.”

तो खोटं बोलला नाही. रंग घालून झाला की तो एका पत्र्याच्या डब्यातून पांढरी, गुळगुळीत पावडर मूठभर भुरभुरायचा. झिंक स्टिअरेट, म्हणजे जस्ताचा एक प्रकारचा साबण. त्यानं रंग सारखा बसतो, दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. सगळ्या कारखान्यांत हे करतात आणि कुणीच ते धरत नाही. पोळी लाटताना लावलेलं पीठ कणकेच्या मापात कोण धरतं? मारुतीची सगळी उमेदवारी प्रयोगशाळेतली. तो पांढरा माल स्वतः करायचा, रंगीत मात्र दर वेळी ड्रममधून उचलून आणायचा. ती पावडर त्याच्या डोळ्यांसमोर कधी आलीच नाही.

माझ्या आली होती. मी आधी ड्रमवरच काम केलेलं. आणि ते कडेला उभं राहणारं रसायन विकणारा माणूस मागं एकदा चहा पिताना मला म्हणाला होता, “एवढं सांभाळा, जस्ताची पावडर याच्याजवळ येऊ देऊ नका. याचा नायलॉनला धरायचा हात ती आधीच धरून ठेवते.” तेव्हा मी मान डोलावली आणि विसरून गेलो. त्या विसरण्यात काही खोट नव्हती. पण शेठ पोतं ओतून गेल्यावर मी ड्रमपाशी गेलो, सिद्रामप्पाच्या हाताकडे बघितलं, आणि मला सगळं आठवलं.

मी परत आलो तेव्हा मारुती सूक्ष्मदर्शकावर वाकलेला होता. मान वर न करताच त्यानं विचारलं, “पंत, तुमी ड्रमवर हुता. रंगात आणि काय असतंय का ओ?”

मी म्हणालो, “रंगच असतो की.”

एवढंच. मनात असं होतं की उद्या सांगू. एक दिवस तरी हा चुकलेला बघू दे. एक दिवस तरी सगळ्यांना त्याच्याकडे, जसं माझ्याकडे बघतात तसं, निव्वळ कामापुरतं बघू दे. दुसऱ्या दिवशी सांगायला गेलो असतो तर काल का नाही सांगितलं, हे आलं असतं. तिसऱ्या दिवशी ते आणखी जड झालं. मग मी त्याच्या टेबलाकडे जायचंच टाळू लागलो. तो मात्र येऊन माझ्या डब्यातली शेंगाची चटणी खायचा आणि म्हणायचा, “पंत, माजं काय चुकतंय कळंना झालंय.”

शेवटी त्यानं मालकांना स्पष्ट सांगितलं, या मिश्रणाला रंग चालत नाही, त्यांच्या स्वभावातच नाही. ऑर्डर गेली. मालक त्याला काही बोलले नाहीत, पण नंतर काही विचारेनासे झाले, आणि मारुतीसारख्या माणसाला तेवढं पुरलं. नोकरी सोडून जाताना मला म्हणाला, “माझ्या डोळ्याला दिसतंय असं वाटायचं मला. न्हाय दिसत. पोरांना शिकवावं म्हंतो आता.” मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो. त्याच्या जाण्यानं हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. मग सगळा कारखाना त्याला पोचवायला फाटकापर्यंत आला, आणि मला परत तेच झालं.

काही दिवसांनी मी पावडरच्या जागी मेणाची भुकटी वापरायला लावली. जांभळ्या कांड्या अशा झाल्या की अंबादासशेठना त्या नखानं, चाकूनं, कशानंच सोलता येईनात. प्रमुखपद मला मिळालं. शेठ पाठ थोपटत म्हणाले, “शाब्बास ओ! त्या मारुती साहेबांना कळवलं का? खूश होईल माणूस.”

मी म्हणालो, “कळवतो.”

इथं संपलं असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. जुनी गोष्ट म्हणून गिळून टाकली असती, जशी इतकी वर्षं गिळली. पण या वर्षी आम्ही नव्या जागेसाठी मुलाखती घेतल्या. मी आणि मालकांचा मुलगा. माळशिरसकडच्या एका तंत्रनिकेतनातून शिकून आलेली कोमल नावाची मुलगी समोर बसली होती. हुशार होती. घट्टपणा जुळवण्याचं तिनं असं सांगितलं की मी सरसावून बसलो. मग मालकांच्या मुलानं विचारलं, “हेच मिश्रण रंगीत करायचं असेल तर?”

“करू नये सर,” ती म्हणाली. “पीपी-नायलॉनला रंग चालत नाही. थेंब मोठे होतात, पापुद्रे सुटतात.”

तो मोठ्यानं हसला. “अगं, बाहेर गोदामात जाऊन बघ! ढीग पडलेत रंगीत कांड्यांचे. कुणी शिकवलं तुला हे?”

“मारुती सरांनी. त्यांनी स्वतः करून बघितलंय. वर्गात सांगतात, हे माझं अपयश आहे, तुम्ही माझ्यावरून शिका.” तिचा चेहरा लाल झाला होता, पण ती मागं हटली नाही. “आमचे सर न बघितलेलं सांगत नाहीत.”

माझ्या हाताखालून इतके लोक गेले. माझ्याबद्दल असं कुणी, कुठं, परक्या लोकांसमोर म्हणेल का, हा विचार आधी आला. तिच्या पोटापाण्याचा नंतर.

मग ती माझ्याकडे वळली. “सर, तुम्ही ते कसं जमवलं? सांगाल का? मी सरांना सांगेन. त्यांना लई आनंद होईल.”

इतकं सोपं करून देव कुणाला देत नसेल. पावडर काढली, एवढे दोन शब्द. मी म्हणालो, “ते कंपनीचं गुपित आहे.” मालकांच्या मुलानं कौतुकानं माझ्याकडे बघितलं. मुलीनं मान खाली घातली. तिला घेतलं नाही. मूलभूत गोष्टीत चुकली, असा शेरा पडला, आणि त्याखाली मीही सही केली.

पूर्वीचं मी रागाच्या भरात केलं, तरुण होतो, असं स्वतःला सांगता यायचं. आता तेही नाही. आता धोट्याचे माग मोडीत निघताहेत, बिनधोट्याचे नवे येताहेत, कांड्यांचं काम वर्षागणिक कमी होतंय. उद्या जांभळी कांडी कुणाला आठवणारही नाही. उरेल ते एवढंच की माळशिरसकडच्या एका वर्गात एक चांगला मास्तर दर वर्षी पोरांना स्वतःची एक चूक प्रामाणिकपणे शिकवतोय, आणि ती चूक त्याची नाही. ती पोरं मुलाखतीला जातील आणि खरं समजून खोटं उत्तर देतील.

हा अंक त्याच्या हाती पडेल की नाही, मला माहीत नाही. पडला तरी अंकात लिहिणं म्हणजे त्याला सांगणं नव्हे. तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुम्ही मला ओळखत नाही. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. लावताना भीती रागावण्याची वाटत नाही. तो हसून ‘असू द्या ओ पंत’ म्हणेल आणि माझ्यापेक्षा पुन्हा मोठा होईल, याची वाटते.

मारुती, तुझं मिश्रण बरोबर होतं. त्यात जस्ताची पावडर पडत होती, आणि तू विचारलंस तेव्हा ते मला माहीत होतं. हे मी तुला समोर येऊन सांगायचं आहे, मग तुझ्या वर्गात सगळ्या पोरांसमोर सांगायचं आहे, आणि चूक कोमलची नव्हती हे आमच्या मालकांना सांगायचं आहे. यातलं एकही मी अजून केलेलं नाही.